चौथ्या पानावरचा दात

सोपानरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. आत चिंचोक्याएवढा खडबडीत, काळपट तुकडा होता. दात पडला का, असं मी विचारलं.

"दात न्हाई, चिटणीसबाई. दात दिवाळीच्या आधीच काढला. ह्ये त्याच्यामागनं आलंय. सकाळी चूळ भरली तर हातात पडलं."

ते हाड होतं. त्यांच्याच जबड्याचं.

नशीब, त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी सकाळच्या गाडीने आमचे दोन सल्लागार डॉक्टर पुण्याहून चिंचवडला येत. मी सोपानरावांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि वाट पाहत राहिले. खोलीत वास पसरला होता. तो त्यांनाही कळत असावा. ते खिडकीकडे सरकून बसले होते आणि तोंडासमोर हात धरून बोलत होते.

आमचं मंडळ काय करतं ते आधी सांगते. कॅन्सरच्या जागेवर यंत्रातून एक्सरेचे जोरदार किरण सोडतात. डॉक्टर त्याला डीप एक्सरे म्हणतात, आमच्याकडे येणारे लोक 'शेक' म्हणतात. शेकाने रोग जातो. पण रोगाच्या आसपासची चांगली कातडी, मांस, हाड यांनाही तो लागतो, आणि ते कधीकधी काही वर्षांनी दिसतं. हात सुजतो, कातडी चामड्यासारखी होते, जखम भरत नाही. इस्पितळात 'रोगी बरा' अशी नोंद होऊन गेलेली असते, आणि घरी माणूस रोग उलटला म्हणून हाय खाऊन बसलेला असतो. अशांना गाठायचं, सल्लागार डॉक्टरांना दाखवायचं, जे झालंय ते त्यांना नीट सांगायचं, हे आमचं काम.

मंडळाचं नाव मी 'किरणपीडित साहाय्य मंडळ' असं सुचवलं होतं. किरणोपचारांचे आमचे सल्लागार डॉ. केळकर यांनी ते खोडलं. पीडित कसले, म्हणाले, किरण मिळाले नसते तर ही माणसं तुमच्यासमोर बसलीच नसती. मग 'पीडित' जाऊन 'रुग्ण' आलं. मला ते नाव मिळमिळीत वाटलं होतं.

मी तिथली पगारी चिटणीस. पत्रव्यवहार पाहायचा, घरोघर जायचं आणि पत्रकं काढायची. पत्रकांवर माझा फार जीव. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, त्यांवरच मी वाचायला शिकले. जगात जे घडायला हवं ते चार पानांत नीट मांडलं आणि लोकांच्या हातात दिलं की घडतं, असं मला खरोखर वाटायचं.

सोपानराव थेरगावचे. शेती भाऊ बघत, हे पिंपरीतल्या एका कारखान्यात टेंपररी होते. पिंपं हलवायचं काम. वय पस्तिशीचं. सहा वर्षांपूर्वी डाव्या गालात, तंबाखूची गोळी ठेवायच्या जागी, खालच्या हिरडीला लागून जखम झाली होती. मुंबईला शेक घेतला. जखम गेली आणि परत आली नाही. मागे राहिलं ते एवढंच, की तोंडाला लाळ सुटत नसे आणि डाव्या गालावर दाढी उगवत नसे. म्हणून ते रोज गुळगुळीत दाढी करून कामावर जात. दोन्ही गाल सारखे दिसावेत म्हणून. खात्यातले लोक त्यांना चेष्टेने 'कलेक्टर' म्हणत. दाढीमागचं कारण कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी त्यांची पर्मनंटसाठी मेडिकल होती, आणि त्याआधी ते कोणाला कळू द्यायचंही नव्हतं.

डॉक्टर आले. दातांचे सल्लागार डॉ. इराणी यांनी बॅटरीच्या उजेडात सोपानरावांचं तोंड पाहिलं. बारीक सळई आत घातली. ती हाडाला लागल्याचा आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. मांस असतं तर आवाज आला नसता.

"दात कोणी काढला?" इराणींनी विचारलं.

"कारखान्याच्या दवाखान्यात. दाताचे डाक्टर येत्यात बुधवारी."

"त्यांना शेकाचं सांगितलंत?"

सोपानरावांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "त्यांनी इचारलं, पूर्वी काय आजार झालाय का. म्या म्हनलं न्हाई. कंपाउंडर शेजारी बसून लिवत हुता. त्यो लिवतो त्ये मोठ्या डाक्टरच्या टेबलावर जातंय."

डॉ. केळकरांनी त्यांना समजावून सांगितलं. शेक बसलेल्या हाडातल्या रक्ताच्या बारीक वाटा हळूहळू बंद होत जातात. त्या हाडाला कोणी छेडलं नाही तर ते वर्षानुवर्षं तसंच टिकतं. पण दात उपटला की खड्डा पडतो, आणि खड्डा भरायला रक्त लागतं. रक्त नाही, तर खड्डा भरत नाही. त्यात घाण शिरते, हाड मरतं आणि तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतं. कॅन्सर उलटलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सोपानरावांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग त्यांनी विचारलं, पेनिसिलीनची सुई घेतली तर? पिंपरीत पेनिसिलीन तयार व्हायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडच्या लोकांना त्याचा अभिमान होता आणि ते सगळ्यावर चालतं असा विश्वासही होता.

"देऊ. पण ते रक्तातून पोचतं," केळकर म्हणाले. "जिथं रक्तच जात नाही तिथं ते कसं जाईल?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आदल्या उन्हाळ्यात मंडळाच्या बैठकीत केळकरांनी एक सूचना मांडली होती. शेक घेतलेल्या प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड द्यायचं. नाव, आजार, शेक कुठे आणि कधी बसला, आणि त्या जागी दात काढू नये, कापू नये, अशी सूचना. मी उभी राहून विरोध केला. कैद्याच्या गळ्यात बिल्ला अडकवतात तसं हे आहे, असं मी म्हणाले. कार्ड ज्या दिवशी गेटवर खिशातून पडेल त्या दिवशी माणूस गेटबाहेर पडेल. मालकांच्या हातात आपणच यादी द्यायची का? केळकर म्हणाले, नोकरी गेली तर दुसरी मिळते, जबडा मिळत नाही. मी म्हणाले, हे पुण्यात बंगला असलेल्या माणसाला सुचतं. असं मी खरोखर म्हणाले. सभेत हशा पिकला. केळकरही हसले, पण उशिरा.

धोक्याची सूचना पत्रकातून सगळ्यांनाच देऊ, कोणाचं नाव उघडं पडायला नको, असं मी सुचवलं. मतं माझ्या बाजूने पडली. कार्ड बारगळलं.

पत्रक मी महिन्याभरात काढलं आणि स्वतः कारखान्यांच्या गेटवर उभी राहून वाटलं. सोपानरावांना ते मिळालं नव्हतं का, हे मला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतंही. शेवटी विचारलं.

"मिळालं की. आमच्यातला गणपा वाचून दाखवायचा. पयलं पान लई झ्याक हाय, बाई. 'रोग हा गुन्हा नाही.' च्याच्या सुट्टीत त्येनं दोन बार वाचलं. समदी म्हनली, बरोबर हाय, मालक लोकांना असंच पायजे. म्या गप ऐकत हुतो."

"आणि पुढचं?"

"मग भोंगा झाला."

दाताची सूचना चौथ्या पानावर होती. पहिली तीन पानं मालकांनी आजारी कामगारांशी कसं वागावं याबद्दल होती, आणि मालकांनी ती वाचली असण्याची शक्यता मला आजही वाटत नाही.

पुढचे दोन महिने दर शनिवारी सोपानराव येत राहिले. इराणी सुटलेलं हाड चिमट्याने काढत, जखम धुऊन देत. एक काढलं की आठवड्याने दुसरं सुटे. गालाला सूज आली, मग बाहेरून भोक पडलं आणि पू वाहू लागला. आता दाढी करून लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कारखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आमच्याकडे चिठ्ठी पाठवून आजार काय आहे ते विचारलं.

मी उत्तराचा मसुदा दोन पानी केला. केळकरांनी तो वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि सोपानरावांना विचारलं, खरं लिहू का? सोपानराव म्हणाले, आता लपवून काय ऱ्हायलंय. मग केळकरांनी तीन ओळी लिहिल्या. कॅन्सर सहा वर्षांपूर्वी बरा झाला आहे, आताचा त्रास उपचाराचा उशिराचा परिणाम आहे, जखम आटोक्यात आल्यावर हा माणूस काम करू शकेल.

कारखान्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, हा माणूस पाच वर्षं धडधाकट राहील याची खात्री देता का?

"नाही," केळकर म्हणाले. "तुमच्या खात्यातल्या कोणाचीच देत नाही."

"मग मी पास कसा करू?"

"इतरांना करता तसाच."

ते मान हलवत राहिले. वरच्यांना विचारतो म्हणाले. वरच्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. मेडिकलच्या यादीत सोपानरावांचं नाव आलं नाही आणि महिनाअखेर टेंपररींच्या यादीतूनही गेलं. त्या दिवशी कारखान्यातून परत येताना मी रस्त्यात तावातावाने बोलत होते, उद्याच पत्रक काढते म्हणत होते. केळकरांनी मला स्टेशनपर्यंत बोलू दिलं. गाडीत चढताना एवढंच म्हणाले, की त्याआधी सोपानरावांचा नवा एक्सरे काढायला हवा, हाड फार पातळ झालं असेल.

एक्सरे काढायच्या आतच जबडा मोडला. भाकरी आमटीत कुस्करून खाताना. घास मऊ होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, अनसाबाईंना, आवाज ऐकू आला. वाळकी काटकी मोडावी तेवढाच, असं त्यांनी मला सांगितलं. पुण्यात ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा अर्धा खालचा जबडा काढावा लागला.

महिन्याभराने मी थेरगावला गेले. ओसरीवर सोपानराव बसले होते. चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, हनुवटी डावीकडे सरकली होती, तोंडाला फडकं धरलेलं होतं. मी त्यांना कार्डाची सगळी हकिगत सांगितली. सूचना कोणी केली, मोडीत कोणी काढली, माझी भाषा काय होती, लोक कशावर हसले, सगळं. काही वगळलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, आणि ते बरं झालं. ते त्यांच्यासमोर शोभलं नसतं.

सोपानराव बराच वेळ काहीतरी बोलले. मला एक शब्द कळला नाही. अनसाबाईंनी सांगितलं.

"त्ये म्हनत्यात, कारड आसतं तर दाखवलं आसतं का न्हाई, त्ये त्यांचं त्यांना बी ठाव न्हाई. नोकरीचं भ्या हुतंच. पर त्या दिशी बोलवायचं हुतं म्हनत्यात."

मी विचारलं, कोणाला?

"ह्येंना. आनि कुनाला?" अनसाबाई आता स्वतःचं बोलत होत्या. "ह्येंच्या तोंडाचं ठरवाया तुमी धा जन बसला. डाक्टर बसलं, तुमी बसला. तवा ह्ये नीट बोलत हुते की, बाई."

मालक मजुराला न विचारता त्याचं ठरवतो, यावर मी आयुष्यात किती पानं लिहिली असतील.

पुढच्या बैठकीला सोपानराव आणि अनसाबाई सभासद म्हणून आले. केळकरांनी कार्डाचा जुना मसुदा वाचला. सोपानराव काहीतरी म्हणाले. त्या दिवशी अनसाबाईंना आम्ही मुद्दाम मध्ये बोलू दिलं नाही. केळकरांनी खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा सांगायला सांगितलं. तिसऱ्या वेळी कळलं. आजाराचं नाव लिहू नका, असं ते सांगत होते. कुठला दात काढायचा नाही तेवढं लिहा आणि खाली डॉक्टरांची सही करा. कारण विचारायचं असेल तर दाताचा डॉक्टर डॉक्टरला विचारील.

केळकर माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. आदल्या वर्षी आम्ही दोघं तासभर भांडलो होतो आणि हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

कार्डं निघाली. काही जण ती खिशात ठेवतात, काही ट्रंकेत. त्यानंतर दोनदा दाताच्या डॉक्टरांची आम्हाला विचारणा आली, आणि दोन्ही दात जागेवर आहेत. सोपानरावांना काम मिळालेलं नाही. ते पातळ खातात आणि अनोळखी माणसासमोर बोलत नाहीत.

पत्रक आता एका पानाचं निघतं आणि त्यात दात सर्वांत वर असतो. बैठका मात्र लांबतात. एक सभासद प्रत्येक वाक्य तीनदा सांगतो, आणि ते सगळ्यांना कळेपर्यंत पुढचा विषय घ्यायचा नाही, असा नियम आम्ही केला आहे.