जाळाविना भाकर

पिंपळगाव रेणुकाईच्या शोभाताई नसत्या, तर मी पहिल्याच आठवड्यात जर्मनीहून माझ्या गावी, धावड्याला परतलो असतो.

आज बेकरीत पीठ करपल्याचा वास आला अन् ते आठवलं. दहावीतच शाळा सुटलेला मी इथं पाव भाजायचं शिकायला आल्तो. वर्गात सगळं जर्मनमधून, काही कळेना, अन् वसतिगृहात विजेची शेगडी, तिला जाळच न्हाई. ज्वारीची तिसरी भाकर करपली तसा वैतागून मी बॅग भरायला घेतली.

वास आला म्हणून शेजारच्या खोलीतून ताई आल्या. त्या नर्सिंग शिकत होत्या. “बेकरी शिकायला आलास अन् भाकरीपुढं हरलास का रे?”

“जाळ न्हाई तर फुगंल कशी, ताई?”

त्यांनी फडक्याच्या बोळ्यानं कडा दाबत भाकर तव्यावरच फिरवली. टम्म फुगली. खरा राग भाकरीचा नव्हताच, वर्गात काही कळत न्हाई याचा होता, हे आता कळतं. ती भाकर खाऊन मी बॅग रिकामी केली.

एक दिवस ताईंना धावड्यात आमच्या चुलीच्या जाळावरची भाकर मी स्वतः करून वाढीन.