विहिरीचं पाणी डोक्यावर

दिल्लीत वहिनीकडे आले होते. आर. के. पुरमच्या तिच्या घरून निघताना तिने बजावलं होतं, "करोल बागेत साड्या नंतर बघ. आधी ते प्रदर्शन, काही झालं तरी! आज शेवटचा दिवस आहे." स्वतः मात्र ऑफिसला पसार. मी मुकाट्याने मेट्रोत बसले.

दालनात शिरले आणि अहाहा! छतापासून जमिनीपर्यंत पिवळ्याधमक ओढण्या, त्यांवर सुईदोऱ्याने टाचलेल्या विहिरी, घागरी, पाणी भरणाऱ्या बाया. हरियाणातल्या खेड्यातल्या दोघी तृतीयपंथी मायलेकींनी हे सगळं शिवलेलं. मधोमध साठीची आई जमिनीवर बसली होती. पुढ्यात काठोकाठ भरलेला पितळी घडा आणि ईंढी (आपली चुंबळ).

मी हात मागे बांधून बघत राहिले. लेक जवळ येऊन हिंदीत सांगू लागली, "मूल झालं की आमच्यात 'कुआँ पूजन' असतं. आई विहीर पुजते, पाणी भरते, आणि एखादी लेकुरवाळी तो घडा तिच्या डोक्यावर चढवते. मला घरच्यांनी हाकललं, तेव्हा हिने लेक मानलं. माँने विहीर पुजली, पण घडा चढवायला गावातली एकही बाई पुढे आली नाही. म्हणून तेच पाणी इथे आणलंय."

"मग इथे कोणी चढवला?"

"सगळे फोटो काढतात, दीदी. प्रदर्शनातल्या वस्तूला कोण हात लावणार?"

सगळं सामान गावी परत न्यायला बाहेर त्यांचा टेम्पो येऊन उभा होता.

"मी चढवला असता, पण मुझे बच्चा नहीं है," मी पुटपुटले. बारशांना मागे बसून बसून तोंडात बसलेलं वाक्य ते.

आई खदखदून हसली. "अरी, मेरे पेट तै कौण सी जामी सै? उठा!" (माझ्या पोटची तरी कुठे आहे ही? उचल!)

उचलला. बाप रे, काय वजन! निम्मं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. पण घडा आईच्या डोक्यावर बसला आणि ती उठली. अनवाणी, ताठ मानेने, एका हाताने घडा सावरत चालू लागली. लेक तिच्या ओढणीचं टोक धरून मागे. फोटो काढणाऱ्यांनी आपोआप वाट दिली. एवढा देखणा सोहळा मी जन्मात पाहिला नव्हता.

ओल्या साडीनेच वहिनीकडे परतले. करोल बाग राहिलंच.

पुण्याला आले त्याच आठवड्यात पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. कोणी बोलावण्याची वाट न बघता मी सरळ पुढे गेले आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.