नंदिनीची परतीची परवानगी

सुभाष गमरेने भरलेला अर्ज कधी परत येत नाही, असं वाशीत लोक म्हणत. तो शाळेत कारकून होता. रेशनकार्ड असो की जातीचा दाखला, सेक्टरमधली माणसं संध्याकाळी कागद घेऊन त्याच्या दाराशी यायची आणि तो एकही खाडाखोड न करता भरून द्यायचा.

एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात श्रीलंकेहून त्याच्याच घरी तार आली. ‘आई गंभीर. ताबडतोब ये.’

तार नंदिनीला होती. ती तिकडच्या गाल शहरातली. मंडणगडचा सुभाष पाली भाषा शिकायला वर्षभर तिकडच्या एका विहारात राहिला, तेव्हा दोघांची ओळख झाली आणि पुढे लग्न झालं. चार वर्षांत ती सासूकडून, सखूबाईंकडून, मराठी शिकली. पण पासपोर्ट तिकडचाच होता. भारतात राहायचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यावा लागे आणि बाहेर जाऊन परत यायचं तर आधी तशी परवानगी लागे. ती न घेता गेली, तर तिकडून नव्याने व्हिसा मागायचा. त्याला किती महिने लागतील, कोणी सांगू शकत नव्हतं. अडीच वर्षांची लेक इथेच राहणार होती, कारण तिचा पासपोर्टच नव्हता.

सुभाषने अर्ज आणला आणि लगेच लिहायला बसला. सात रकाने भराभर झाले. आठव्यात विचारलं होतं : सध्याच्या पत्त्यावर कधीपासून राहता? पत्ता बदलल्याचं कळवलं होतं का?

त्याचं पेन तिथेच थांबलं. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ते चेंबूरहून वाशीला आले. चेंबूर मुंबईत, वाशी ठाणे जिल्ह्यात. म्हणजे दोन्हीकडच्या पोलिसांना कळवायला हवं होतं. तेव्हा सामान हलवण्याच्या गडबडीत ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणून त्याने ते ठेवून दिलं, आणि मग परवाना वाढवतानाही जुनाच पत्ता चालू दिला. जवळजवळ दीड वर्ष नंदिनी कागदावर एका गावात होती आणि राहत होती दुसऱ्यात.

“काय झालं?” तिने विचारलं.

“एक तारीख आठवत नाही. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी तो चेंबूरला चुलतभावाकडे गेला. अरविंदने सगळं ऐकलं आणि हात झटकला. “माझा पत्ता टाक ना. कोण विचारायला आलं तर सांगतो, इथंच राहतात, आता बाजारात गेलेत. टेन्शन कशाला घेतोस?”

त्याच रात्री सुभाषने नवा अर्ज भरला, चेंबूरच्या पत्त्याचा. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं. सकाळी त्याने तो सहीसाठी नंदिनीपुढे ठेवला. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली आणि आठव्या रकान्याशी थांबली.

“आपण चेंबूरला कुठं राहतो?”

मग त्याला सांगावंच लागलं.

“हे खोटं पकडलं, तर मला परत येऊ देतील?”

“नाही देणार.”

“मग खरं लिहा.”

“नंदिनी, खरं लिहिलं तर चौकशी लागेल. दिवस जातील. आईंकडे तेवढे दिवस—”

“माहीत हाय मला.” तिने अर्ज त्याच्याकडे सरकवला. “पण माझी मुलगी हितं हाय.”

दोघं एसटीने ठाण्याला, जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत गेली. सुभाषने चूक कबूल करणारा जबाब सोबत जोडला होता. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला.

“शाळेत आहात ना? म्हणजे नियम वाचता येतात तुम्हाला.”

“चूक माझी आहे साहेब. हिला माहीत नव्हतं.”

“ते ठरवू. खटलाही होऊ शकतो यात.” मग तो नंदिनीकडे वळला. “मराठी समजतं का बाई?”

“समजतं साहेब. माझी आई आजारी हाय.”

त्याने फाइल बंद केली. “आधी घरी चौकशी होईल. मग बघू.”

चौथ्या दिवशी हवालदार आला. त्याने शेजारच्या वैजयंतीबाईंना विचारलं, स्वयंपाकघरापर्यंत नजर टाकली, आणि मग तो सखूबाईंकडे वळला. त्या म्हणाल्या, “सून हाय माजी. तिला जाऊं द्या आन् येऊं द्या. दोन्ही लिवा.”

सुभाष शाळेत बसे, पण दाखल्यांवर चुकीची नावं पडू लागली. पोस्टमनची सायकल दिसली की तो काम सोडून दाराशी जायचा. घरी नंदिनी त्याला वाढायची, कामापुरतं बोलायची. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आठव्या दिवशी दुसरी तार आली. आई गेली होती.

परवानगी अकराव्या दिवशी मिळाली, ताकीद देऊन. नव्वद दिवसांत परत या, असं पासपोर्टवरच्या शिक्क्यात होतं. सुभाषने घरी येऊन तो शिक्का तिच्यापुढे धरला. नंदिनीने बोटं मोजली. कोणी गेलं की तिकडे सातव्या दिवशी भिक्खूंना दान देतात. “उद्याचं विमान मिळालं, तर तेवढ्याला तरी पोचेन,” ती म्हणाली.

ती पोचली. तसं पत्र आलं, पण त्यात सुभाषसाठी वेगळी ओळ नव्हती. पाच आठवडे त्याने काढले ते एकाच भीतीत : तिकडे कोणी शिक्का मानला नाही तर? आणि त्याहून मोठी, तिने स्वतःच यायचं नाही ठरवलं तर?

जानेवारीत ती सांताक्रूझ विमानतळावर उतरली. लेक आधी आजीच्या पदराआड लपली, मग रडत तिच्याकडे झेपावली.

टॅक्सीत नंदिनी हळू आवाजात म्हणाली, “अम्मा शेवटी माझं नाव घेत होती. बहिणीनं सांगितलं.”

सुभाषने मान खाली घातली. “माझ्यामुळे झालं ते.”

“हो.” टॅक्सी खाडीपुलावर आली होती. “राग हाय अजून. आणि राहीलही थोडा. पण यायचं नाही, असं एकदाही वाटलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. ती परतल्याची नोंद ठाण्याला करायची होती. मुलीला घरीच ठेवू, असं तो म्हणाला. नंदिनीने तिला कडेवर घेतलं आणि ती त्याच्याआधी जिना उतरली.