कोणतं सॉरी?

शहराबाहेरच्या एका कारखान्यात जपानहून आलेले इंजिनिअर जिन्यावरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी त्या कारखान्याची दुभाषी. चार दिवसांनी त्यांची बायको एकटीच भोपाळला आली. साठीची, बारीक चणीची. मी तिला विमानतळावरून थेट शाहपुऱ्याच्या हॉस्पिटलात नेलं. त्या आठवड्यात मी रोज आठ-आठ तास दुसऱ्यांचं बोलणं बोलत होते. डोकं बधिर झालं होतं.

खोलीबाहेर कारखान्याचे मॅनेजर उभे होते. बाईंसमोर हात जोडून ते इंग्रजीत म्हणाले, "वी आर व्हेरी सॉरी." मग माझ्याकडे बघत राहिले.

इंग्रजीत सॉरी सगळ्याला चालतं. धक्का लागला तर सॉरी, ऐकू आलं नाही तर सॉरी, कुणी गेलं तरी सॉरी. जपानीत निवडावंच लागतं. 'ओमिमाई' म्हटलं तर तुमच्या दुखण्याचं वाईट वाटतं, एवढंच. 'मोशिवाके आरिमासेन' म्हटलं की चूक आमची.

"सर, कौन-सा सॉरी?" मी हळूच विचारलं.

"अरे मॅडम, सॉरी तो सॉरी है. बोल दीजिए."

मी फरक सांगितला. ते खिडकीबाहेर बघायला लागले. "वो गलतीवाला मत बोलिए. लीगल का लफडा हो जाएगा."

मी ओमिमाईवालं वाक्य म्हटलं. बाईंनी कमरेत वाकून आभार मानले. मला ते बघवेना. त्या जिन्याचा कठडा हलतो, हे इंजिनिअरांनी पडण्याच्या आदल्या आठवड्यात मीटिंगमध्ये मॅनेजरना माझ्याच तोंडून सांगितलं होतं. "जरा काळजी वाटते," एवढंच म्हणाले होते. मीही तेवढंच हिंदीत सांगितलं आणि सगळे चहाला गेले. त्यांच्या 'जरा'चा अर्थ 'फार' असतो, हे मला ठाऊक होतं. पण दिवसभराच्या मीटिंगनंतर ते समजावत बसायचा मला कंटाळा आला होता.

मॅनेजर गेल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही तेव्हा तिथे कामाला होतात?"

"होते," मी म्हटलं आणि कठड्याचं सगळं सांगून टाकलं. माझा कंटाळासुद्धा. शेवटी 'मोशिवाके आरिमासेन' म्हटलं.

या खेपेला त्या वाकल्या नाहीत. त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "ते घरीसुद्धा असंच 'जरा' म्हणतात." आणि आत नवऱ्याजवळ गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना फोन करून बाईंना काय सांगितलं ते कळवलं. ते ओरडले नाहीत. "क्या मॅडम, आप भी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. महिनाभरात कठडा बदलला, आणि माझ्या जागी दुसरी दुभाषीही आली. इंजिनिअर व्हीलचेअरवर बसून आपल्या देशी परतले. मी पुढचे काही दिवस घरात कुणाशी फारसं बोललेच नाही. नवरा विचारायचा, "जेवायला काय करू या?" मी नुसती मान हलवायचे, आणि तो बिचारा खिचडी टाकायचा.