बर्फातले सुरुंग

सुरुंगाच्या दारूचा वास आला की बाभुळगावजवळची ती दुपार आठवते. वडील विहिरींसाठी सुरुंग लावायचे आणि सातवीनंतर माझी शाळा बंद करणार होते. भाकरी खाताना मी त्यांना पेपर वाचून दाखवला, की दक्षिण ध्रुवावर माणसं बर्फात सुरुंग उडवताहेत. "एवढ्या बर्फात पाणी कायले शोधून राह्यले?" ते म्हणाले. पाणी नाही, खालून आवाज परत यायला किती वेळ लागतो त्यावरून बर्फाची जाडी मोजतात, असं मी सांगितलं. त्यांनी जवळच्या विहिरीत एक खडा टाकला आणि कान देऊन ऐकलं. "माह्यं अंदाजानं भागते. त्याईले गणित लागत असन," ते म्हणाले. मग भाकरीचं फडकं झटकत म्हणाले, "आठवीत जाय तू." गणित शिकवून मी निवृत्त झाले, तरी विहीर दिसली की अजून खडा टाकते आणि आवाज येईपर्यंत सेकंद मोजते.