आण्णांच्या मोबाईलचा आवाज

दिवाळीच्या आधी एका दुपारी दुकानातली लाईट गेली आणि मला बरं वाटलं. उचगावच्या रस्त्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर घरघर, ठोकाठोक... लाईट गेली की तेवढीच कानाला सुट्टी.

पण सुट्टी कसली! बाकड्यावर शंकरआण्णा बसलेले आणि त्यांच्या मोबाईलवर फुल आवाजात व्हिडिओ. कोंबडा सायकलवर बसलाय, नवरा-बायको भांडतायत, मधेच कुणीतरी मूळव्याधीवर उपाय सांगतंय... मोबाईलला लाईट लागत नाही ना.

आण्णा आमच्या गल्लीतले. सगळी नोकरी फौंड्रीत, कास्टिंगवर ग्राइंडर मारण्यात गेली. बायको वारली, एकुलती लेक मनीषा आजऱ्याला दिलेली. दुपारचं जेवण झालं की माझ्या बाकड्यावर येऊन बसायचं आणि शेजारी बसूनच मला व्हिडिओ पाठवायचे, असा त्यांचा नेम. माझ्या हातात वाइंडिंगची तार आणि खिशात टिंग टिंग.

खरं सांगतो, वैतागलो होतो. सकाळी डोळे उघडायच्या आत फोन भरलेला असतो. तालमीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, त्यात आण्णा... न बघताच अंगठा देऊन टाकायचो. माणूस दुखावू नये, एवढंच.

त्याच दिवशी सकाळी मनीषाचा फोन आलेला. तिच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. तिनं वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "छान छान! लई बरं झालं बघ." फोन ठेवला आणि वर तिला नाचणाऱ्या म्हशीचा व्हिडिओ पाठवला.

"काका, बाबा माझ्यावर रागावलेत काय हो? हल्ली आपणहून फोन बी करत न्हाईत. नुसते व्हिडिओ..." मग पोरगी एकदम तडकली. "ऑपरेशनला येऊ नका म्हणावं त्यांना. म्हशी बघत बसा म्हणावं."

मी 'बघतो' म्हटलं. काय बघणार होतो, देव जाणे. बापलेकीच्या मधे आपण कुठं शिरायचं...

तर लाईट गेली तेव्हा गारगोटीचे एक गिऱ्हाईक पंपासाठी खोळंबलेले. ते बिचारे आधीच उकाड्यानं तापलेले. म्हणाले, "ओ पावणं, आवाज जरा बारीक करा की." आण्णा ढिम्म. परत म्हणाले, तरी ढिम्म. शेवटी त्यांनी सरळ हात घातला आणि बटण दाबून आवाज पार बंद केला.

दुकान चिडीचूप. आण्णा आपले बघतच होते. आणि जरा वेळानं मांडीवर थाप मारून खदाखदा हसले. माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकलास काय, कसलं बोलतंय ते!"

गारगोटीकर पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

मोटर रस्त्यापलीकडं चालू असली तरी तिचं बेअरिंग गेलंय का, ते मी बसल्या जागी सांगतो. याच कानांवर दुकान उभं राहिलं. आणि हाताच्या अंतरावरच्या माणसाला ऐकू येत नाही, हे काही या कानांनी टिपलं नव्हतं... आमच्या कोल्हापुरात ते सापडणंही अवघडच म्हणा. इथं सगळेच ओरडून बोलतात. आण्णा जरा जास्त ओरडतात, एवढंच वाटायचं.

मग एकेक जुळत गेलं. कट्ट्यावर बसणं त्यांनी सोडलेलं. कुणी काही बोललं की "व्हय व्हय, छान छान." फोन करायचं सोडून व्हिडिओ पाठवायला लागलेले... व्हिडिओ पाठवला की समोरच्याचं ऐकून घ्यायची वेळ येत नाही.

सांगायचं कसं? ओरडून सांगावं तर अख्ख्या रस्त्याला कळणार. मग मीही त्यांच्यासारखंच केलं. शेजारी बसूनच त्यांना मेसेज टाकला. 'मनीषाचं ऑपरेशन आहे. ती तेच सांगत होती.'

आण्णांनी तो दोनदा वाचला. मग, कधी नव्हे ते, अगदी हळू बोलले. "मला वाटलं तिच्या पोराच्या निकालाचं सांगतीया रं..."

मनीषाला मीच फोन करून खरं काय ते सांगितलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "बाबांना म्हणावं, कानाला मशीन बसवून या. तोवर मी टेबलावर झोपत न्हाई."

कानाच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. आण्णा वाटेत सगळ्यांना सांगत होते, याचेच कान दाखवायचेत म्हणून! मी मान डोलवत गेलो... आणि ऑपरेशनच्या दिवशी मशीन लावून आण्णा आजऱ्याला हजर. मनीषा आता बरी आहे.

परत आल्यावर आण्णांनी सवयीनं बाकड्यावर बसून व्हिडिओ लावला आणि दचकून मोबाईलच टाकला. "आरं, केवढं बोंबलतंय हे! आणि तुझं दुकान म्हणजे काय जत्रा हाय व्हय? कसा बसतोस रं हितं?"

तेव्हापासून दुकानात आले की मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवतात. व्हिडिओ बघतात, पाठवतात, सगळं जुनंच चालू आहे. फक्त मोबाईलवर मनीषाचं नाव उजळलं की घाईघाईनं मशीन कानात घालतात आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बोलत बसतात.

मी आतून बघतो. माझे कान काही काढून ठेवता येत नाहीत. दिवस मावळेपर्यंत डोकं भणभणतं... पण चिंचेखालून आण्णांचं "व्हय काय? मग पुढं?" ऐकू आलं, की तेवढ्यापुरती मोटर बंद करतो.