पेशावरच्या म्हातारीची जन्मतारीख

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावी मुलाकडे राहायला आले तेव्हा सुनेने बजावलं होतं, इथे कुणाच्या घरी न सांगता जायचं नाही. वरच्या मजल्यावरची अफगाण बाई मात्र न सांगताच येते. ती पेशावरात निर्वासितांच्या वस्तीत वाढली, म्हणून तिला उर्दू येतं. माझं हिंदी मोडकं. तेवढ्या भाषेत आमचं भांडणसुद्धा होतं.

तिची आई पेशावरातच राहिली होती, एकटी. पाकिस्तानचे पोलीस अफगाण लोकांना घरांतून काढून सीमेपार घालवायला लागले, तसा हिने आईला इकडे आणायचा अर्ज केला. अडलं जन्मतारखेवर. अफगाण कागदावर नुसतं अंदाजे वय, पाकिस्तानच्या कार्डावर एक जानेवारी. दोन्हींचा मेळ बसेना.

अर्जासाठी इथल्या कचेरीत तिची मुलाखत होती, तिच्या आदल्या दिवशी ती येऊन बसली. "खाला," ती मला मावशीच म्हणते, "काय सांगू?"

"खरं ते सांग. माझी तारीखही मास्तरांनीच घातलीय, एक जून. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी एक जूनच्या."

"सगळ्या एकाच दिवशी? गावात सुइणी किती होत्या?"

तिने खरं सांगितलं. कारकुनाने अंदाजाने तारीख घातली, खरी कुणालाच ठाऊक नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं. मुलाने वाचून दाखवलं. ओळख पटत नाही, अर्ज नामंजूर. कार्डावरची तारीख खरी नाही हे मुलीनेच कबूल केलं, असंही लिहिलं होतं.

"आई, तुला कोणी सांगितलं होतं सल्ला द्यायला?"

"मग खोटं बोल म्हणू?"

"एक तारीख धरून गप्प बसायचं. इथे कागद बोलतो."

माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला हे आधी कुणी सांगितलं नाही. नंतर सगळेच शहाणे.

त्यानंतर आठवड्याभरात पोलिसांनी म्हातारीला ट्रकमध्ये घालून सीमेपलीकडे सोडलं. आता ती जलालाबादला लांबच्या पुतण्याकडे आहे. नव्या अर्जासाठी तिने स्वतः वकिलातीत हजर व्हायचं, आणि इथल्या सरकारची वकिलात अफगाणिस्तानात नाही, इस्लामाबादला. जिथून हाकललं तिथेच परत जायचं, आणि पाकिस्तान व्हिसा देत नाही.

काल वरची बाई नवा फॉर्म घेऊन आली. जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "एक जानेवारी लिही. कुणी काही विचारलं तर तोंड मिटून बस."

तिने लिहिलं. म्हातारी इस्लामाबादला पोचणार कशी, याला त्या फॉर्मात रकाना नव्हता.